घरचा वायफाय राउटर: जोडणी, मांडणी आणि दुरुस्ती

‘राउटर बिघडला’ ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. पण खांबावरून येणारी वायर, ती जिथे संपते ती डबी, तिला वीज पुरवणारा अडॅप्टर, राउटरमधली सेटिंग्ज, खोल्यांमधल्या भिंती आणि शेवटी हातातला मोबाइल यांपैकी कशातही दोष निर्माण झाला तरी वरवर दिसणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे नेट चालत नाही. दोष नेमका कुठे आहे हे न पाहता नवा राउटर विकत आणला जातो आणि जुना तक्रारीसह माळ्यावर जातो. जोडणी असो वा दुरुस्ती, वायरीकडून मोबाइलकडे एकेक टप्पा तपासत यावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, ही पद्धत पाळली तर बहुतेक वेळा खर्च करावा लागत नाही.

घरात येणारी लाइन कोणती, हे आधी पाहावे

महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत सध्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या लाइन दिसतात. पहिली फायबरची, म्हणजे प्रकाशातून संदेश नेणाऱ्या काचेच्या तारेची. खांबावरून येणारी तिची बारीक वायर (ड्रॉप वायर) घरात येऊन ज्या डबीत शिरते तिचे खरे नाव ओएनटी किंवा ओएनयू. केबलवाले आणि ग्राहक दोघेही तिला सर्रास ‘मोडेम’ म्हणतात. दुसरी लाइन तांब्याच्या लॅन केबलची. केबलवाल्याने गच्चीवर किंवा जिन्याखाली ठेवलेल्या स्विचमधून (एका लाइनच्या अनेक लाइन करणाऱ्या पेटीतून) निघालेली ही केबल थेट आपल्या राउटरमध्ये येते आणि मध्ये कोणतीही डबी नसते. हा फरक पुढे प्रत्येक ठिकाणी, विशेषतः विजांच्या दिवसांत, महत्त्वाचा ठरतो.

फायबरच्या डबीवरचे दोन दिवे समजून घेतले की अर्धे निदान तिथेच होते. पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल तर डबीचा कंपनीच्या यंत्राशी संपर्क झालेला आहे; तो लुकलुकत राहिला तर प्रकाश पोहोचतो आहे, पण नोंदणी पूर्ण होत नाही. एलओएस हा दिवा लाल झाला तर प्रकाशच पोहोचत नाही किंवा फारच क्षीण पोहोचतो. अशा वेळी राउटर रीसेट करणे, पासवर्ड बदलणे, सेटिंग्ज उलटसुलट करणे हे सारे व्यर्थ असते. दोष काचेच्या तारेत आहे आणि ती कुठेतरी जेसीबीने तोडलेली, उंदरांनी कुरतडलेली किंवा सोसायटीच्या रंगकामात वाकलेली असते.

लाइनमनला बोलावण्यापूर्वी घरातल्या घरात दोन गोष्टी पाहता येतात. डबीच्या मागची पिवळी किंवा पांढरी पॅच कॉर्ड कपाटामागे दबून तीव्र कोनात वळली आहे का, हे पाहावे. फायबरचे बांगडीहून लहान वेटोळे कधीही करू नये, कारण तेवढ्या वळणावर प्रकाश तारेबाहेर गळू लागतो. दुसरे म्हणजे कनेक्टरचा रंग. हिरव्या कनेक्टरचे टोक आठ अंशांच्या कोनात घासलेले असते आणि निळ्याचे तसे नसते, त्यामुळे हिरवा हिरव्यातच बसवावा. कनेक्टर काढावा लागलाच तर त्याच्या पांढऱ्या टोकाला बोट लावू नये. बोटाचा तेलकट ठसासुद्धा प्रकाश अडवतो. त्या टोकाकडे किंवा डबीच्या छिद्राकडे डोळा लावून पाहू नये, कारण हा प्रकाश अवरक्त असतो आणि दिसत नसला तरी डोळ्यांना अपायकारक ठरू शकतो.

डबीच्या सेटिंग्जच्या पानावर, ऑपरेटरने ते ग्राहकासाठी खुले ठेवले असेल तर, येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात दिसते; उण्याचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश क्षीण. जीपॉन या घरगुती फायबरच्या प्रचलित पद्धतीच्या डबीला साधारण उणे ८ ते उणे २७ या मर्यादेत प्रकाश लागतो, आणि उणे २० च्या आसपासचा आकडा निश्चिंत राहण्यासारखा असतो. लाइन नवी असतानाच हा आकडा लिहून ठेवावा. पुढे नेट वारंवार तुटू लागले आणि उणे १९ चे उणे २६ झालेले दिसले, तर ‘तुमचा राउटर जुना झाला आहे’ या उत्तरावर समाधान मानण्याचे कारण उरत नाही. सांधा किंवा कनेक्टर सुधारून द्या, असे लाइनमनला ठामपणे सांगता येते.

पहिली जोडणी

नवा राउटर वीजजोडणीस लावून, डबीतून किंवा गच्चीवरून आलेली लॅन केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरची लाइन घेणाऱ्या छिद्रात, घालावी. हे पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचे असते. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर वायफायचे मूळ नाव, पासवर्ड आणि सेटिंग्जच्या पानाचा पत्ता छापलेला असतो. हा पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. मोबाइलवरून जोडणी करत असाल तर आधी मोबाइल डेटा बंद करावा. राउटरला अजून इंटरनेट मिळालेले नसल्याने फोन परस्पर मोबाइल डेटाकडे वळतो आणि मग ते पान उघडतच नाही. ‘राउटर डबा निघाला’ असा ग्रह अनेकांचा इथेच होतो. पत्ता इंग्रजी अंकांत टाकावा, हे सांगायला नकोच.

पान उघडल्यावर सर्वांत आधी ॲडमिनचा, म्हणजे हे सेटिंग्जचे पान उघडण्याचा, पासवर्ड बदलावा. हा आणि वायफायचा पासवर्ड वेगवेगळे असतात: वायफायचा पासवर्ड पाहुण्यांना द्यायचा असतो, ॲडमिनचा कोणालाही नाही. त्यानंतर वॅनचा प्रकार निवडायचा असतो. ऑपरेटरने यूजरनेम आणि पासवर्ड दिलेला असेल तर पीपीपीओई निवडून ते भरावेत. काहीच दिलेले नसेल तर बहुधा डायनॅमिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता आपोआप मिळण्याचा प्रकार) चालतो. दोन्ही बरोबर असूनही जोडणी होत नसेल तर ऑपरेटरने तुमच्या जुन्या राउटरचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) नोंदवून ठेवलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी एकतर त्याला फोन करून नवा पत्ता नोंदवून घ्यावा किंवा राउटरमधली मॅक क्लोनची सोय वापरून जुना पत्ता भरावा. जुन्या राउटरच्या लेबलवर तो बहुधा असतो. काही लाइनवर व्हीलॅनचा (ऑपरेटरच्या लाइनमधल्या आभासी जाळ्याचा) क्रमांकही भरावा लागतो. तो अंदाजाने भरण्याची गोष्ट नाही, विचारूनच घ्यावा.

वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र पर्याय निवडावा. केवळ डब्ल्यूपीए३ ठेवला तर जुने टीव्ही, प्रिंटर आणि कॅमेरे जोडले जात नाहीत. डब्ल्यूपीएस बंद करावे. बटण दाबून जोडण्याची ती सोय तिच्या आठ अंकी पिनमुळे कमकुवत ठरलेली आहे. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा असावा आणि तो मोबाइल क्रमांक, फ्लॅट क्रमांक किंवा मुलाचे नाव व जन्मसाल असा नसावा, कारण शेजाऱ्याने पहिल्यांदा तेच टाकून पाहिलेले असते. शेवटी पीपीपीओईचे यूजरनेम, पासवर्ड आणि वॅनचा प्रकार कागदावर लिहून तो कागद राउटरखाली किंवा वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवावा. रविवारी रात्री राउटर रीसेट झाल्यावर याच कागदाची आठवण येते.

फायबरच्या डबीतच पुष्कळदा वायफाय असते आणि तरीही अनेकजण रेंजसाठी तिच्यामागे स्वतःचा राउटर लावतात. तो वॅन पोर्टमधून जोडला की घरात एकामागे एक दोन जाळी तयार होतात. नेट चालते, पण एका जाळ्यातील फोनला दुसऱ्या जाळ्यातील प्रिंटर किंवा टीव्ही दिसत नाही. शिवाय दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर जोडणीच अडखळते. हे टाळण्यासाठी दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे फक्त वायफाय पुरवण्याच्या कामावर, टाकावे. तो पर्याय नसेल तर त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा, त्याचे डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे, आणि डबीच्या लॅन पोर्टमधून (घरातली उपकरणे जोडण्याच्या छिद्रातून) निघालेली केबल त्याच्याही लॅन पोर्टमध्येच घालून वॅन पोर्ट रिकामे सोडावे. माळ्यावरचा जुना राउटरही असा कामाला लावता येतो.

जागा आणि लहरी

राउटर कुठे ठेवायचा हे लाइनमन ठरवतो, आणि तो दाराजवळचे पहिले सॉकेट पाहून ठरवतो. घराच्या कोपऱ्यात, टीव्हीमागे, शोकेसच्या बंद कप्प्यात किंवा लोखंडी कपाटावर ठेवलेल्या राउटरची निम्मी ताकद जिन्यात आणि शेजाऱ्याकडे जाते. पाच-दहा मीटर जास्तीची केबल मागून घेऊन राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर आणि मोकळ्या जागी बसवावा. धातू, आरसे आणि पाण्याच्या टाक्या लहरी अडवतात. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती आणि कोकणातील चिऱ्याच्या जाड भिंती तर ५ गिगाहर्ट्झच्या (वायफायच्या २.४ आणि ५ या दोन पट्ट्यांपैकी वेगवान पट्ट्याच्या) लहरी जवळजवळ गिळूनच टाकतात. अशा घरात महागडा राउटर घेण्यापेक्षा दुसऱ्या खोलीपर्यंत एक लॅन केबल नेऊन तिथे वर सांगितल्याप्रमाणे दुसरा राउटर लावणे स्वस्त आणि खात्रीचे असते. प्लगमध्ये खोचायचे रिपीटर दिसायला सोयीचे असतात, परंतु स्वस्त रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतात त्यावरच पुन्हा बोलतात, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. अँटेनांची संख्या मोजून रेंजचा अंदाज बांधणे हेही फसवे आहे, कारण प्रक्षेपणाच्या ताकदीवर नियमांची मर्यादा असते.

उभ्या अँटेनाच्या लहरी आडव्या दिशेने पसरतात आणि तिच्या टोकाच्या रोखाने सर्वांत कमी जातात. एकाच मजल्यावरच्या घरात अँटेना सरळ उभ्या ठेवाव्यात. वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर एखादी आडवी करून पाहावी.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण एकमेकांवर न चढणारी चॅनेल म्हणून १, ६ आणि ११ हीच वापरावीत आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. एखादे वायफाय ॲनालायझर ॲप उघडून तिघांपैकी कुठे गर्दी कमी आहे हे पाहिले की निवड होते. मोठ्या सोसायटीत मात्र तिन्ही चॅनेल तुडुंब भरलेली असतात. तिथे खरा उपाय म्हणजे टीव्ही, लॅपटॉप आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर आणून २.४ हा पट्टा स्मार्ट प्लग, कॅमेरे आणि दूरच्या खोल्यांसाठी सोडून देणे. त्याच ॲपमध्ये प्रत्येक खोलीतील ताकद दिसते: उणे ५० डीबीएम उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, आणि उणे ८० च्या पुढे नाव दिसत असले तरी उपयोग फारसा नाही.

वेग कमी मिळतो तेव्हा

प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि चाचणीत सतत ९४ च्या आसपास, हा आकडा पाहताच वायफायचा विचार सोडून केबलकडे जावे. हे १०० एमबीपीएसच्या जोडणीचे स्पष्ट चिन्ह आहे. एकतर राउटरची पोर्टच १०० ची असतात (खोक्यावर ‘३०० एमबीपीएस’ छापलेल्या स्वस्त राउटरची बहुधा तशीच असतात; तो आकडा वायफायचा, पोर्टचा नव्हे), किंवा केबलमधली एखादी तार तुटलेली असते. १०० एमबीपीएससाठी चार तारा, म्हणजे १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिना पुरतात. गिगाबिटला मात्र आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार गेली तरी नेट बंद पडत नाही, ते गुपचूप १०० वर उतरते आणि म्हणूनच महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

लॅन केबलच्या टोकाची आरजे-४५ क्लिप नव्याने मारणे अवघड नाही. क्रिम्पिंगचे पक्कड आणि चार क्लिपा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. बाहेरचे आवरण सुमारे दोन सेंटिमीटर सोलावे, पण आतल्या तारांना पात्याचा ओरखडा लागू देऊ नये. जोड्यांचे पीळ सोडवून तारा बोटांत धरून सरळ कराव्यात आणि क्लिपची खिटी खाली, सोनेरी पिना वर अशी धरून डावीकडून हा क्रम लावावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग टोके एका रेषेत कापून सुमारे सव्वा सेंटिमीटर लांबी ठेवावी व तारा शेवटपर्यंत सरकवाव्यात. क्लिपच्या पुढच्या पारदर्शक भिंतीतून आठही तांबडी टोके दिसली पाहिजेत आणि बाहेरचे आवरण क्लिपच्या आत शिरलेले हवे, नाहीतर पहिल्याच ओढीत तारा निसटतात. टोके रुपेरी दिसली तर केबल बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची आहे. ती क्लिपपाशी लवकर तुटते, शक्य असेल तिथे बदलूनच टाकावी.

अडॅप्टर

राउटर मधूनच बंद होऊन सुरू होतो, सारे दिवे एकदम विझून पुन्हा लागतात, किंवा घरातले सगळे फोन जोडले की जोडणी कोसळते, ही लक्षणे असतील तर राउटरवर संशय घेण्याआधी अडॅप्टर पाहावा. आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) थकला की अडॅप्टर रिकामा असताना पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि भार पडताच घसरतो, त्यामुळे नुसता मल्टिमीटर लावून ‘ठीक आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. दुसरा अडॅप्टर लावून पाहणे हीच खरी कसोटी. तो लावताना व्होल्टेज तंतोतंत तेच हवे. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावणे म्हणजे तो जाळण्याचा धोका पत्करणे होय. अँपिअर मात्र छापलेल्याइतके किंवा त्याहून जास्त असले तरी चालतात. पिनेच्या मध्यभागी धन टोक आहे का, हे लेबलवरच्या गोल चिन्हावरून तपासावे. अडॅप्टर उघडू नये: २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातला कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ झटका देऊ शकतो.

नेट बंद पडल्यावर

डबीचा पॉन दिवा नीट असेल तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा. केबलवर नेट चालले आणि वायफायवर नाही, तर दोष वायफायच्या बाजूला. लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटर पत्ताच देत नाही; डीएचसीपी बंद झालेले आहे किंवा केबल खराब आहे. पत्ता नीट असेल तर आधी राउटरच्या पत्त्याला आणि मग ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे तिकडून उत्तर येते का ते पाहावे. पहिले उत्तर आले आणि दुसरे आले नाही तर राउटरपुढची लाइन किंवा पीपीपीओईची जोडणी तपासावी. सेटिंग्जच्या पानावर वॅनला आयपी मिळाला आहे का, ते दिसते. दोन्ही उत्तरे आली पण संकेतस्थळे उघडत नाहीत, तर दोष डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) आहे, आणि तिथे १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरल्यास काम होते. वॅनचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर ऑपरेटर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो आहे. नेहमीच्या वापराला त्याने बाधा येत नाही, पण दुकानाचे कॅमेरे बाहेरून पाहण्यासाठी केलेले पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची मागणी आतल्या कॅमेऱ्याकडे वळवण्याची सोय) मात्र कधीच चालणार नाही.

रीसेट हा शेवटचा उपाय आहे. बंद करून चालू करणे वेगळे आणि टाचणीने रीसेटचे बटण दहा सेकंद दाबणे वेगळे. दुसऱ्यात सगळी सेटिंग्ज पुसली जातात. कंपनीने दिलेल्या फायबरच्या डबीला तर रीसेट करूच नये, कारण तिच्यातली नोंदणी पुसली गेली तर ऑपरेटरशिवाय ती परत येत नाही. फर्मवेअर (राउटरमधले मूळ सॉफ्टवेअर) नवे घालायचे असल्यास लेबलवरचा मॉडेल क्रमांक आणि हार्डवेअर आवृत्ती दोन्ही जुळवावीत, आणि वीज जाण्याचा संभव असेल तेव्हा ते काम हाती घेऊ नये.

वीज पडल्यावर, आणि झाकण उघडल्यावर

मे-जूनचा वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस या दोन काळांत राउटर सर्वाधिक जळतात, आणि त्यातही गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या लॅन केबलवरचे. वीज जवळपास पडली की त्या लांब केबलमध्ये दाब निर्माण होतो आणि तो थेट वॅन पोर्टवर येतो. म्हणून गडगडाट सुरू होताच अडॅप्टरबरोबर ही केबलही काढावी; नुसता विजेचा स्विच बंद करून उपयोग नाही. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे उपकरण) अर्थिंग असेल तरच नीट काम करतो, आणि जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असूनही मागे अर्थिंगची तार नसते, ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा पाहून घ्यावे. फायबर स्वतः वीज वाहत नाही, मात्र काही ड्रॉप वायरींना आधारासाठी पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापून थांबवलेली असावी.

वॅन पोर्ट जळून बाकी राउटर जिवंत असल्याचे पुष्कळदा आढळते. काही राउटरच्या सेटिंग्जमध्ये एखादे लॅन पोर्ट वॅन म्हणून नेमता येते. तशी सोय नसेल तर तो फायबरच्या डबीमागे ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरावा, त्याला वॅन पोर्ट लागतच नाही.

वॉरंटी संपलेल्या स्वतःच्या राउटरचे झाकण उघडायला हरकत नाही, कारण आत फक्त अडॅप्टरचे १२ किंवा ९ व्होल्ट असतात. स्क्रू पुष्कळदा तळाच्या रबरी पायांखाली किंवा लेबलखाली लपलेले असतात. पाहण्यासारख्या गोष्टी दोनच. अडॅप्टरची पिन बसते ते सॉकेट हलत असेल तर त्याच्या पायांचा सोल्डर तडकलेला असतो, आणि पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तो पुन्हा भरता येतो. दुसरे म्हणजे सॉकेटशेजारचे उभे कपॅसिटर: ज्याचे सपाट डोके फुगलेले किंवा ज्याच्या बुडाशी तपकिरी डाग असेल तो बदलावा. नव्याचे मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा अधिक आणि तापमानाची खूण १०५ अंशांची असावी; अंगावरची पट्टी ऋण टोकाची असते, ती जुन्याच्याच दिशेने बसवावी. काळ्या चौकोनी चिपवर जळल्याचा खड्डा दिसला तर दुरुस्तीचा खर्च नव्या राउटरहून जास्त होतो. तेव्हा अडॅप्टर आणि अँटेना काढून ठेवाव्यात आणि उरलेला राउटर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.